नोंदवही म्हणजे गिऱ्हाइकांची यादी नव्हे

उद्योजकांच्या मेळाव्यांत हल्ली एक भाषण हमखास ऐकू येतं. मराठी माणूस धंद्यात मागे का राहतो, तर तो स्वतःहून विचारायला लाजतो. समोरचा नाही म्हणेल या भीतीने तो दारच वाजवत नाही. मग उपाय सांगितला जातो. देशात रोज कितीतरी लोक संकेतस्थळासाठी नाव घेतात, म्हणजे डोमेन नोंदवतात. त्यांचे ईमेल आणि मोबाइल नंबर याद्यांच्या रूपात विकत मिळतात, तेही स्वस्तात. ज्याने आज नाव घेतलं त्याला उद्या वेबसाइट लागणार, परवा लोगो, तेरवा गूगलवर वरचा क्रमांक. तो गरजू, तुम्ही कसबी. मेल टाका, फोन लावा, लाजताय कशाला? कोणी कुरकुर केलीच तर उत्तरं तयार असतात. तुमची माहिती सार्वजनिकच होती. नको असेल तर मेल पुसून टाका. आम्हीही पोटासाठीच करतो. आणि धंदा करायचा तर जाहिरातीला नाक मुरडून कसं चालेल?

या उत्तरांना टाळ्या पडतात, म्हणून त्यांचा समाचार घेणं भाग आहे. त्यातलं पहिलं तर आज सरळसरळ खोटं आहे. ते कसं, ते पुढे सांगतो.

मी हे परळच्या भोईवाड्यातून लिहितो आहे, आणि विषयाशी त्याचा संबंध आहे. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं इथून चालत जाण्याच्या अंतरावर. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली नाही की बाहेरगावचे नातेवाईक याच गल्ल्यांतून खोली शोधत फिरतात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि घराघरांतून छोटे धंदे उभे राहिले. कुणी रुग्णांचे डबे करतं, कुणी खाटा आणि व्हीलचेअर भाड्याने देतं, कुणी दिवाळीचा फराळ, कुणी गणेशमूर्ती. यातल्या बऱ्याच जणांना आता स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ हवं असतं, कारण यवतमाळहून किंवा गोरखपूरहून येणारा माणूस डबा आणि खोली गाडीत बसल्या बसल्याच मोबाइलवर शोधतो. पण या लोकांना ऑफिस नसतं. नोंदणीच्या अर्जात पत्ता विचारला की खोली नंबर आणि चाळीचं नाव लिहायचं. फोन विचारला की घरातला तोच मोबाइल, ज्यावर शाळेचे निरोप येतात आणि गॅसचा ओटीपी येतो. मोठ्या कंपनीत या कामाला वेगळा ईमेल आणि वेगळा माणूस असतो, तिथे मेलचा मारा त्या माणसापाशी थांबतो. इथे तो थेट स्वयंपाकघरात पोहोचतो.

आणि अर्ज खराच भरावा लागतो. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर नाव रद्द होऊ शकतं. म्हणजे हा पत्ता कुणी हौसेने जगाला वाटलेला नाही, नाव मिळवण्याची अट म्हणून दिलेला आहे. संकेतस्थळावर 'संपर्क' या पानावर जो नंबर असतो त्याची गोष्ट वेगळी. तो गिऱ्हाइकांसाठीच मांडलेला असतो. एखाद्या मुलाने माझं पान उघडून पाहिलं, त्यातली चूक हेरली आणि त्या पत्त्यावर दोन ओळी लिहिल्या, तर माझी काही तक्रार नाही. कदाचित मी त्याला कामही देईन. वाद आहे तो नोंदवहीत सक्तीने लिहून घेतलेल्या पत्त्याबद्दल.

मुळात ही नोंदवही कशासाठी निघाली? 'हूइज' या सोयीचा मसुदा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळचं अर्पानेट म्हणजे मोजकी विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि लष्करी कचेऱ्या. कोण कुठे काम करतं, कुणाशी कसा संपर्क साधायचा, हे शोधता यावं म्हणून माणसांची नावं, पत्ते, फोन एका ठिकाणी ठेवले गेले. पुढे १९९८ मध्ये नावांचा कारभार पाहायला आयकॅन ही संस्था निघाली. नावं विकणाऱ्या कंपन्यांना, म्हणजे रजिस्ट्रारना, तिने करारात बांधून घेतलं की नाव घेणाऱ्याचा तपशील कुणालाही फुकट पाहता आला पाहिजे. कुणाची फसवणूक झाली, कुणाचं नाव चोरलं गेलं, एखाद्या साइटवरून व्हायरस पसरू लागला, तर जबाबदार माणूस सापडला पाहिजे. मात्र त्याच करारात आणखी एक कलम होतं, आणि याद्या विकणारे नेमकं तेच गाळतात. न मागितलेल्या व्यापारी ईमेलचा घाऊक मारा करण्यासाठी ही माहिती वापरता येणार नाही, असं ते कलम. वही सगळ्यांसाठी उघडी ठेवतानाच ही अट घातलेली होती.

परळच्या कुठल्याही चाळीची रस्त्याकडची भिंत येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसते. म्हणून तिच्यावर कुणीही कोचिंग क्लासचं पोस्टर चिकटवावं का? महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, आणि तो लोकांच्या नजरेला पडणाऱ्या जागांसाठीच आहे. आतल्या खोलीच्या भिंतीवर पोस्टर लावायला कोण जातंय? जे दिसतं त्याचाच गैरवापर होतो, म्हणून कायदा तिथे लागतो. 'माहिती खुली होती' या बचावातला दोष हाच आहे.

हा बचाव न्यायालयात मांडून झाला आहे आणि हरलाही आहे. न्यूयॉर्कच्या रजिस्टर डॉट कॉम या रजिस्ट्रारने २००० साली व्हेरिओ या होस्टिंग कंपनीला कोर्टात खेचलं. व्हेरिओचा प्रोग्राम रोज नव्याने घेतलेली नावं हुडकायचा, प्रत्येकाचा तपशील हूइजमधून उचलायचा, आणि मग त्या माणसाला मेल, फोन आणि पत्रं सुरू व्हायची. काही जणांना वाटायचं, आपण जिथे नाव घेतलं तिथलेच हे लोक. व्हेरिओ म्हणाली, माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, आणि वापराची अट तर माहिती हातात पडल्यावर दिसते, ती आम्ही मान्य केली कधी? अपील न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये हे ऐकून घेतलं नाही. एखादा एकदाच आला असता तर गोष्ट निराळी होती. जो रोज येतो, रोज तीच अट वाचतो आणि रोज माल घेऊन जातो, त्याला अट ठाऊक नव्हती असं कसं म्हणायचं? (रजिस्टर डॉट कॉमला गिऱ्हाइकांचा कळवळा आला होता असं मात्र समजू नये. ते गिऱ्हाईक तिला स्वतःसाठी हवं होतं. चांगले निकाल पुष्कळदा अशा स्वार्थी भांडणांतूनच निघतात.)

२००७ मध्ये आयकॅनच्याच सुरक्षा सल्लागार समितीने प्रयोग करून पाहिला. दुसरीकडे कुठेही न वापरलेले ईमेल पत्ते देऊन नावं नोंदवली आणि वाट पाहिली. नोंदवहीत पत्ता दिसला की कचरा मेल येतात, झाकला की ते फार कमी होतात, असा निष्कर्ष निघाला. तोवर पत्ता झाकून देण्याचा वेगळा धंदाही उभा राहिला होता. नाव घ्यायचे पैसे वेगळे आणि लपायचे वेगळे. त्रास कोण देतं आणि त्याची भरपाई कोण करतं, हे इथे अगदी उघड दिसतं.

मग २५ मे २०१८ ला युरोपचा माहिती संरक्षण कायदा लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅनने तात्पुरता नियम करून माणसांचे तपशील झाकायला सांगितले, आणि हूइज जवळजवळ आंधळी झाली. पडदा पडला तो युरोपच्या कायद्यामुळे, हे खरं. पण हा पडदा लोकांना हवासा का वाटला? पत्ता उघडा ठेवण्याची शिक्षा त्यांनी वर्षानुवर्षं इनबॉक्समध्ये भोगली होती म्हणून. आता त्याची दुसरी बाजू पाहा. अमूल, डाबर अशा कंपन्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळं काढून, डीलरशिप देतो म्हणत लोकांचे पैसे उकळल्याची प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा नाव घेणारा पडद्याआड असणं ही मोठी अडचण ठरली. ज्याने गावाकडची जमीन विकून डीलरशिपचे पैसे भरले, त्याला समोरचा कोण हे पाहायला आता वही उरलेली नाही. सज्जनांनी वैतागून दार लावून घेतलं आणि चोरांना आयता आडोसा मिळाला. मेळाव्यात 'मेल टाका' सांगणाऱ्या वक्त्याने कधी हा हिशेब मांडला आहे का?

आता आपल्या डॉट इनकडे येऊ. या नावांचा कारभार सुरुवातीला मुंबईतच होता, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे. नियम इतके कडक की २००४ पर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावं दिली गेली. २००५ मध्ये निक्सी या संस्थेने ती सर्वांसाठी खुली केली, आणि आज डॉट इन नावं लाखांत मोजली जातात. डॉट इनमध्ये पैसे भरून दुसऱ्याच्या नावाआड लपायची सोय नाही. नाव ज्याचं, तपशील त्याचा. मला हा नियम पटतो. पण माणसाकडून खरी माहिती सक्तीने घेणाऱ्याने ती राखायचीही असते. आज डॉट इनची सार्वजनिक नोंद उघडली तर माणसाचं नाव, फोन, ईमेल झाकलेलं दिसतं. संस्थेचं नाव असेल तर ते, राज्य आणि देश, एवढंच कळतं.

पहिलं उत्तर खोटं म्हणतो ते यामुळे. ज्या नोंदीत नंबर दिसतच नाही, तिच्यातून तो तुम्ही 'सार्वजनिकरीत्या' उचललात कसा? तरीही नवं नाव घेतलेल्याला फोन येतातच, आणि तेही इतक्या लवकर की पैसे भरल्याचा मेसेज अजून वर असतो. नोंदवहीत दाखवला जात नाही असा तपशील यादीत सापडतो, याचा अर्थ तो मधल्या कुणाकडून तरी बाहेर पडतो. रजिस्ट्रार असतो, त्याखाली पुनर्विक्रेता, त्याखाली आणखी एखादा, आणि शेवटी आपल्या गल्लीतला संगणकवाला. गळती या साखळीत आहे. तिला सार्वजनिक माहिती म्हणणं हा निव्वळ कांगावा झाला.

मजा म्हणजे ज्यांना मेल टाकायचा त्यांचं नावही हे लोक वाचत नाहीत. २०१४ पासून 'डॉट भारत' हे टोक देवनागरीत मिळतं, आणि मराठीत नाव नोंदवता येतं. यंत्राच्या आतल्या बाजूला मात्र अशी नावं रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक माळेत साठवलेली असतात. असं नाव घेतलेल्याला येणाऱ्या मेलची सुरुवात 'डिअर' आणि पुढे त्या माळेतल्या अक्षरांचा चिवडा, अशी असते. लालबागच्या चिवडा गल्लीतही इतकं मिसळलेलं काही मिळणार नाही. याला दार वाजवणं म्हणायचं? दार वाजवणारा निदान पाटी वाचतो.

दुसरं उत्तर, मेल पुसून टाका. हे सांगणाऱ्याला आपल्याकडचा छोटा धंदा कसा चालतो याची कल्पना नसावी. शेजारच्या चाळीतल्या एक ताई टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे देतात. त्यांच्या मुलीने हौसेने धंद्याचं नाव नोंदवलं. त्यानंतर भाकऱ्या थापतानाच फोन सुरू झाले: "मॅडम, आपने डोमेन लिया है ना? वेबसाइट बनवानी है?" ताईंना ते फोन न उचलून चालत नाही. अनोळखी नंबर हाच त्यांचा धंदा. पलीकडे कुणाच्या तरी आईला पथ्याचा डबा हवा असू शकतो. प्रत्येक वेळी पिठाचे हात पुसायचे आणि 'नको' म्हणायचं. पुसून टाकण्याचं बटण हाताशी आहे म्हणून त्रास फुकट होत नाही. त्याची किंमत कुणी भरायची, एवढंच बदलतं.

ईमेलचं तर आणखी वाईट. डॉट कॉमसारख्या नावांना २०१३ च्या करारापासून एक नियम आहे. नाव घेतल्यावर ईमेल किंवा फोन खरा असल्याची खातरजमा पंधरा दिवसांत झाली नाही, तर रजिस्ट्रारला नाव स्थगित करावं लागतं किंवा स्वतः तपासणी करावी लागते. शिवाय मुदत संपायच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण करणारे मेल येतात. हे खरे आणि महत्त्वाचे मेल नेमके त्याच पत्त्यावर येतात, ज्यावर लोगोवाले, एसईओवाले आणि 'अंतिम सूचना'वाले तुटून पडलेले असतात. या 'अंतिम सूचना' हा एक वेगळाच प्रकार आहे. दिसायला अगदी नूतनीकरणाचं बिल, तारीख लाल अक्षरांत, रक्कम डॉलरमध्ये. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही नोंदणीची सूचना नसून 'सर्च इंजिन'च्या सेवेचा प्रस्ताव आहे. दुसरा एक नमुना चीनमधून येतो: कुणीतरी तुमचं नाव तिकडे नोंदवतो आहे, तुम्हाला हरकत नसेल तर आम्ही पुढे जातो. घाबरून माणूस पैसे भरतो. कागदी पत्रांच्या काळातही हे होतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीवर २००३ मध्ये याच कारणासाठी कारवाई केली होती.

ताईंच्या मुलीने काय केलं? वैतागून तो इनबॉक्स उघडणंच सोडलं. कुणीही हेच केलं असतं. मग मुदतीचा खरा मेल त्याच ढिगाऱ्यात राहिला, नाव गेलं, आणि जास्तीचे पैसे भरून सोडवून आणावं लागलं. पत्ता लिहून घेतला होता तो गरज पडली तर माणूस गाठता यावा म्हणून. जाहिरातवाल्यांनी तो इतका तुडवला की आता त्या पत्त्यावर माणूस गाठताच येत नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. माझ्या वैतागाचं सोडा, नोंदवहीच निकामी होते आहे.

'खाली अनसबस्क्राइब दिलंय की', असंही सुनावतात. ही पद्धत अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याची. आधी मेल टाका, नको म्हटल्यावर थांबा. युरोपने त्याच्या आदल्या वर्षी माणसांना पाठवायच्या जाहिरातींसाठी उलट नियम केला, आधी संमती आणि मग मेल. आपले मेलवाले अमेरिकेचा नियम इथलाच असल्यासारखा सांगतात, आणि तोही धड पाळत नाहीत. यादी विकणाऱ्यांच्या जगात ते बटण दाबणं म्हणजे पत्ता जिवंत असल्याची पावती. जिवंत पत्त्याला भाव जास्त.

इथे कायदा काय म्हणतो? भोईवाड्यात पोलीस ठाणं आहे आणि न्यायालयही आहे. तक्रार घेऊन गेलात तर लावायला कलम सापडणं मुश्कील. ते एके काळी होतं, आणि त्याची कथा थेट महाराष्ट्राशी जोडलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ अ हे कलम आलं. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी धाडलेल्या ईमेलचा स्पष्ट उल्लेख होता. पण कलमाची भाषा इतकी सैल की पोलिसांनी ते भलतीकडेच वापरलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, आणि त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला, आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम पूर्ण रद्द केलं. ते व्हायलाच हवं होतं. दोन मुलींना लाइकसाठी कोठडीत टाकणारं कलम कचरा मेल थांबवतं म्हणून ठेवा, असं कोणी म्हणू नये. पण त्या कलमाबरोबर ईमेलचा तुकडाही वाहून गेला, आणि त्याच्या जागी नीट शब्दांत लिहिलेला नवा तुकडा संसदेने घातला नाही. फोन आणि एसएमएसला निदान ट्रायचे नियम आहेत, १९०९ वर तक्रार करता येते. ईमेल आणि व्हॉट्सॲप त्या नियमांच्या बाहेर.

आशा आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना पुढे अठरा महिन्यांची सवड दिली गेली. याद्यावाले आत्तापासूनच त्यातली एक पळवाट दाखवू लागतील, म्हणून इथेच लिहून ठेवतो. स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, असं कलम ३ मध्ये आहे. पण ते कलम नीट वाचा. माहिती त्या माणसाने स्वतः जाहीर केलेली असली पाहिजे, किंवा दुसऱ्या कुणी ती कायद्याने भाग पडलं म्हणून जाहीर केलेली असली पाहिजे. नोंदणीच्या अर्जात रजिस्ट्रारला दिलेला मोबाइल नंबर या दोन्हींत बसत नाही. ताईंनी तो जगाला जाहीर केला नाही, आणि तो चव्हाट्यावर आणा असं कुठला कायदा रजिस्ट्रारला सांगत नाही. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची, हा या कायद्याचा गाभा. त्यामुळे अशी यादी विकणारा आणि विकत घेऊन वापरणारा, दोघांनीही आपल्या वकिलाला आत्ताच गाठलेलं बरं.

आता पोटाचा प्रश्न. फोन करणाऱ्या पोरावर मला राग धरता येत नाही. तुटपुंजा पगार, रोजचं टार्गेट, आणि शंभरातले नव्वद लोक शिव्या घालतात. तो विरारहून किंवा बदलापूरहून लोंबकळत येऊन हे काम करतो. पण त्याचं पोट पुढे करून यादीवाल्याने आपली ढाल करू नये. या व्यवहारात पैसा मिळतो तो यादी विकणाऱ्याला आणि टार्गेट लावणाऱ्याला. चांगलं डिझाइन करणाऱ्या मुलाचंही यात नुकसानच होतं. त्याने मनापासून लिहिलेला एखादा मेल त्याच ढिगात पडतो आणि न वाचताच पुसला जातो.

आणि जाहिरातीला नाक मुरडण्याबद्दल म्हणाल, तर गिरगावात १९१० मध्ये दुकान काढलेल्या बेडेकरांना किंवा १९३१ मध्ये शाई करायला बसलेल्या कॅम्लिनच्या दांडेकरांना लाजाळू म्हणायची कुणाची हिंमत आहे? मराठी उद्योजकाने जाहिरात केली नाही हे खरंच नाही. त्याने वर्तमानपत्रातली जागा विकत घेतली, बसवरचा पत्रा भाड्याने घेतला, दुकानावर पाटी लावली. हिंदमातापाशी पत्रकं वाटणाराही छपाईचा खर्च करतो आणि उन्हात उभा राहतो, म्हणून तो कुणाला किती वाटायची याचा विचार करतो. जाहिरातीचा खर्च जाहिरात करणाऱ्याने उचलायचा, ही बाजाराची जुनी शिस्त आहे. घाऊक मेलने नेमकी तीच मोडली. दहा जणांना मेल टाकायचा आणि दहा हजारांना टाकायचा, पाठवणाऱ्याच्या खर्चात फरक पडत नाही. म्हणून तो विचार करत नाही, त्याच्या वाटचा विचार दहा हजार लोक आपापल्या वेळेत करतात. याला धाडस म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. आपल्या मुलांना धंदा शिकवायचा असेल तर केलेल्या कामाच्या तळाशी आपलं नाव घालायला शिकवा. भोईवाड्यातल्या एका मूर्तिकाराचं पान छान झालं तर शेजारचे मूर्तिकार स्वतःहून विचारतात, कुणी केलं? इकडे कामं अशीच मिळत आली आहेत.

राहता राहिला प्रश्न गळती शोधण्याचा, आणि तो अवघड नाही. २००७ च्या समितीने जे केलं तेच निक्सीने करावं. प्रत्येक रजिस्ट्रारकडून आणि त्याच्या मोठ्या पुनर्विक्रेत्यांकडून एकेक डॉट इन नाव साध्या गिऱ्हाइकासारखं घ्यावं. प्रत्येक नावाला वेगळा ईमेल आणि वेगळा मोबाइल नंबर द्यावा, जो दुसरीकडे कुठेच वापरलेला नसेल. मग कोणता फोन आधी वाजतो ते लिहून ठेवावं. नावाला वर्षाला काही शे रुपये लागतात, सिमकार्डाला त्याहून कमी. निकाल रजिस्ट्रारच्या नावासकट जाहीर करावा, आणि ज्याच्याकडून माहिती गळली त्याची मान्यता स्थगित करावी. तोवर मेळाव्यात कुणी व्यासपीठावरून नव्या डोमेनधारकांच्या यादीचं कौतुक करू लागला, तर मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारावं: यादी कुणाकडून घेतलीत, आणि तिची जीएसटीची पावती दाखवता का?